दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाचे तास स्वतः कसे काढायचे

अठरा वर्षं मी विमानांचे फ्लाइट प्लॅन बनवत होते. उड्डाणाआधी वैमानिकाच्या हातात मार्ग, वारे, इंधन, पर्यायी विमानतळ असा सगळा तपशील असलेला एक गठ्ठा येतो. तो तयार करणारी माणसं जमिनीवर बसलेली असतात आणि प्रवाशांना ती कधी दिसत नाहीत. मी त्यांतली एक. नोकरी संपली, पण एक प्रश्न अजून रोज येतो : "लंडन ते न्यूयॉर्क किती तास लागतात गं?" मी विचारते, "लंडनहून निघणार की न्यूयॉर्कहून? आणि कोणत्या महिन्यात?" विचारणाऱ्याला वाटतं, मी उत्तर टाळतेय. पण हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मला खरं उत्तर देताच येत नाही. दोन शहरांमधलं अंतर एकच असतं. जायचा वेळ आणि यायचा वेळ मात्र वेगळे असतात, आणि जानेवारीत ते जितके असतात तितके जुलैत नसतात.

हे सगळं घरी बसून, एका साध्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं. मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने सांगते.

आधी विमानतळ पक्का करा

शहराचं नाव पुरत नाही. टोकियोला जायचं म्हणजे नारिताला की हानेदाला? नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटरवर आहे, हानेदा शहराला लागून. विमानातला वेळ जवळपास तेवढाच लागतो, पण उतरल्यावर घरी पोचायला लागणाऱ्या वेळात मोठा फरक पडतो. लंडनचंही तसंच : हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी. न्यूयॉर्कला जेएफके आणि नूअर्क ही दोन मोठी आंतरराष्ट्रीय विमानतळं, आणि नूअर्क तर शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे.

एकाच नावाची शहरं हा आणखी एक खड्डा. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही तीच. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी तिथे जाऊन उतरल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत. म्हणून कागदावर पहिल्या ओळीत विमानतळाचा तीन अक्षरी कोड लिहायचा. हीथ्रो म्हणजे एलएचआर, नारिता एनआरटी, सिडनी एसवायडी. तिकिटावर हाच कोड असतो, त्यामुळे पुढे घोळ होत नाही.

नकाशा भिंतीवर राहू द्या

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा बघून अंतर काढायला गेलं की हमखास चूक होते. त्यातले बरेच नकाशे मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ सालच्या पद्धतीवर बेतलेले. ध्रुवांकडे जावं तसतसे प्रदेश त्यात ताणले जातात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. अशा नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा हा जवळचा रस्ता नसतो.

हे मला शिकवताना आमच्या वरिष्ठांनी सिडनी आणि सँटियागोचं उदाहरण दिलं होतं. त्याहून चांगलं उदाहरण मला आजवर सापडलेलं नाही, म्हणून तेच देते. सिडनी आणि चिलीची राजधानी सँटियागो, दोन्ही साधारण ३४ अंश दक्षिण अक्षांशावर. नकाशावर दोन्हींमध्ये आडवी सरळ रेघ ओढता येते. त्या रेघेवरून, म्हणजे त्याच अक्षांशावरून, गेलात तर १२,७७० किलोमीटर पडतात. पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळच्या वाटेने गेलात तर ११,३४० किलोमीटर. चौदाशेहून अधिक किलोमीटरची बचत. आणि ही जवळची वाट दक्षिणेकडे वळत वळत जवळजवळ ६२ अंश दक्षिणेपर्यंत उतरते, अंटार्क्टिकाच्या दिशेने. नकाशावर ती भलीमोठी कमान दिसते, गोलावर मात्र तीच सरळ असते.

या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या पातळीने गोल कापला तर पृष्ठभागावर जी कड उमटेल, ती. ते डोळ्यांनी बघायचं असेल तर पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. एका शहरावर दोऱ्याचं टोक दाबा, दुसऱ्या शहरापर्यंत न्या आणि ताणा. ताणलेला दोरा आपोआप जवळच्या वाटेवर बसतो. मग दोरा पट्टीवर मोजा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर ४२५ किलोमीटरचा. लंडन ते न्यूयॉर्क दोरा १३ सेंटिमीटर भरतो, म्हणजे ५,५०० किलोमीटरच्या आसपास. लहान मुलांना सोबत घेऊन हे करा. विमान ग्रीनलंडजवळून का जातं हा प्रश्न त्यांना पुन्हा पडत नाही.

सूत्राने अंतर

दोऱ्याने अंदाज येतो. नेमका आकडा हवा असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. कोणत्याही ऑनलाइन नकाशावर विमानतळावर बोट धरून ठेवलं की ते दिसतात. सूत्र असं :

कोसाइन (अंतराचा कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशांतला फरक)

हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही पश्चिमेला, म्हणून रेखांशांची वजाबाकी : ७३.३३.

पहिला भाग : ०.७८२३ × ०.६५१३ = ०.५०९५.
दुसरा भाग : ०.६२२९ × ०.७५८८ × ०.२८६९ = ०.१३५६.
बेरीज ०.६४५१. कॅल्क्युलेटरवर याचा उलटा कोसाइन घेतला की कोन येतो ४९.८३ अंश.

एका अंशाला १११.२ किलोमीटर. ४९.८३ ला त्याने गुणलं की ५,५४१ किलोमीटर. झालं.

दोनतीन ठिकाणी बोट घसरतं, ती आधीच सांगते. कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर हवा. तो रेडियनवर असला तर भलतंच उत्तर येतं. दक्षिण अक्षांश ऋण धरायचे. एक शहर पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला असेल तर रेखांशांची बेरीज करायची आणि ती १८०च्या वर गेली तर ३६० मधून वजा करायची. सिडनी १५१.१८ पूर्व, सँटियागो ७०.७९ पश्चिम. बेरीज २२१.९७, म्हणजे खरा फरक १३८.०३. ही शेवटची पायरी विसरली तरी या सूत्रात अंतर बरोबरच येतं, कारण दोन्ही कोनांचा कोसाइन एकच. पण तुम्ही ताळा म्हणून अक्षांशावरून अंतर मोजायला गेलात तर तिथे चुकाल. म्हणून सवय लावलेली बरी.

आणखी एक ताळा : पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन जागा एकमेकींपासून सुमारे २०,००० किलोमीटरहून दूर असूच शकत नाहीत, कारण तेवढ्यात अर्धी पृथ्वी संपते. उत्तर त्यापेक्षा मोठं आलं तर गणित पुन्हा करा.

कोणी म्हणेल, पृथ्वी तर पुरती गोल नाही. बरोबर आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवावर ६,३५७. हा चपटेपणा धरून मोजायचं सूत्र थॅडियस विन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडलं आणि अचूक कामात ते वापरतात. आपल्या साध्या सूत्रात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून वाट लांबते का, हेही विचारतात. लांबते, पण लंडन–न्यूयॉर्कमध्ये जेमतेम नऊ किलोमीटरनी. ते सोडून द्या.

एककांकडे मात्र नीट बघा. विमानाच्या जगात अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल असा, मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. संकेतस्थळावर नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं तर कोणता मैल ते तपासा, नाहीतर पंधरा टक्क्यांची चूक सहज होते. सागरी मैलाची एक गंमत मला फार आवडते : तो पृथ्वीच्या परिघावरच्या कोनाच्या एका मिनिटाएवढा आहे, म्हणजे एका अंशात साठ. ४९.८३ ला साठाने गुणा, २,९९० सागरी मैल तयार. आम्ही नोकरीत हेच करायचो.

आता वेळ

पहिला अंदाज मी असा काढते : किलोमीटरला ८५० ने भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. लंडन–न्यूयॉर्क : ५,५४१ भागिले ८५० म्हणजे साडेसहा तास, अधिक अर्धा, म्हणजे सात तास. सिंगापूर ते न्यूयॉर्क (जेएफके) ही नियमित विमानसेवांमधली सर्वांत लांबची फेरी, १५,३४९ किलोमीटरची. त्याच हिशोबाने साडेअठरा तास येतात, आणि वेळापत्रकात ती अठरा ते एकोणीस तासांच्या दरम्यानच असते. तिकीट घ्यायचं की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर इथे थांबलात तरी चालेल.

८५० कुठून आला ते सांगते. लांब पल्ल्याची आजची विमानं, बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५०, आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास थंड असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळ. त्याचा ०.८५ पट म्हणजे ताशी ९००. पण चढताना आणि उतरताना विमान एवढ्या वेगात नसतं, आणि ते अगदी दोऱ्यासारखं सरळही जात नाही. ही तूट ८५० मध्ये धरली आहे. अर्धा तास आहे तो जमिनीवरचा : गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर धावपट्टीपासून गेटपर्यंत.

हे नीट समजून घ्या, कारण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पोचल्यावर पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा वेळ तिकिटावर असतो. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. वैमानिक जेव्हा सांगतो की "आजचा उड्डाणाचा वेळ सहा तास दहा मिनिटं", तेव्हा तो फक्त हवेतला वेळ सांगत असतो. तिकिटावर सात तास आणि वैमानिक म्हणतो सहा, म्हणून लवकर पोचणार असं समजून फोन करू नका. शिवाय गर्दीच्या विमानतळांसाठी वेळापत्रकात थोडी मोकळीक आधीच घातलेली असते.

जवळच्या शहरांना हा अंदाज लागू पडत नाही. हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ सुमारे ३५० किलोमीटर. ८५० च्या हिशोबाने पंचावन्न मिनिटं येतात. वेळापत्रकात सव्वा तास किंवा थोडा जास्तच असतो. कारण एवढ्या अंतरात विमान जेमतेम वर चढतं आणि लगेच उतरायला लागतं. हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासासाठी मी ६०० ने भागते आणि चाळीस मिनिटं मिळवते.

वारा

माझ्या कामाचा खरा गाभा हा होता, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरने जातं. पण हवा स्वतःच पळत असेल तर? मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर हे त्यांचं रोजचं, आणि तीनशेच्या वर गेलेलेही असतात. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकावर ते पोसले जातात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून हिवाळ्यात वारे जोरात.

लंडन–न्यूयॉर्कवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरू. हवेतला वेळ :

वारा नसताना ५,५४१ ÷ ९०० = ६ तास ९ मिनिटं.
न्यूयॉर्कला जाताना वारा समोरून, ५,५४१ ÷ ८०० = ६ तास ५६ मिनिटं.
लंडनला येताना वारा पाठीशी, ५,५४१ ÷ १,००० = ५ तास ३२ मिनिटं.

जाताना ४७ मिनिटं गेली आणि येताना फक्त ३७ मिनिटं मिळाली. ही चूक नाही. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता, पाठीवरच्या वाऱ्यात कमी वेळ असता, म्हणून जाऊन-येऊन हिशोब केला तर वारा नेहमी थोडं खातोच. नव्या मुलांना मी हा हिशोब पहिल्याच दिवशी करायला लावायचे.

म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला वेळापत्रकात सुमारे आठ तास असतात आणि परत येताना सुमारे सात. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हा समज मी असंख्य वेळा ऐकलाय. पृथ्वीसोबत तिची हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. फिरण्यामुळेच फरक पडला असता तर पश्चिमेकडे जाणं सोपं झालं असतं, प्रत्यक्षात ते उलट आहे. फरक पाडतो तो वारा.

तो किती पाडू शकतो याचं एक उदाहरण. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग काही वेळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर होता. तरी आवाजाच्या भिंतीपलीकडे ते गेलं नाही, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता. त्या रात्रीचे वाऱ्याचे नकाशे मी नंतर कितीतरी वेळ बघत बसले होते. इतकी सुंदर, घट्ट आवळलेली जेट स्ट्रीम क्वचित दिसते.

उत्तर अटलांटिकवर तर रस्तेच वाऱ्याप्रमाणे आखले जातात. दिवसातून दोनदा मार्गांचा संच जाहीर होतो. एक युरोपहून अमेरिकेकडे दिवसा जाणाऱ्यांसाठी, दुसरा रात्री परत येणाऱ्यांसाठी. एका बाजूने आयर्लंड-स्कॉटलंडकडचं शॅनविक केंद्र आणि दुसऱ्या बाजूने कॅनडातलं गँडर केंद्र हे काम पाहतं. पूर्वेकडे जाणारे मार्ग जेट स्ट्रीममध्ये नेऊन बसवायचे, पश्चिमेकडचे तिला चुकवून न्यायचे. त्यासाठी बृहद्‌वृत्त सोडून दोनशे किलोमीटर वाकडं जावं लागलं तरी परवडतं. जवळची वाट आणि लवकरची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्याच महिन्यात पटलं.

तर, घरचा हिशोब असा : दोन्ही शहरं मध्य अक्षांशांवर असतील आणि प्रवास मुख्यतः पूर्व-पश्चिम असेल, तर पूर्वेकडे जाताना ९५० ने भागा, पश्चिमेकडे जाताना ७५० ने, आणि अर्धा तास मिळवा. हिवाळ्यात पश्चिमेकडच्या वेळेत आणखी थोडी भर घाला. उत्तर-दक्षिण प्रवासात, म्हणजे लंडन ते जोहान्सबर्गसारख्या, ८५० दोन्ही बाजूंना चालतो.

वाट बंद असेल तर

कधीकधी अंतर आहे तेवढंच राहतं आणि तास मात्र वाढतात. हेलसिंकी ते टोकियो बृहद्‌वृत्तावर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे, आणि ही वाट जवळजवळ पूर्ण रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ पर्यंत हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. उत्तर ध्रुवाकडून वळसा किंवा दक्षिणेकडून वळसा, वाऱ्याप्रमाणे ठरतं. सूत्र हे तुम्हाला सांगणार नाही. म्हणून गणित झालं की विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर त्या उड्डाणाच्या मागच्या आठवड्याभरातल्या फेऱ्या बघा. नकाशावर विमान खरंच कुठून गेलं आणि किती वेळ लागला, दोन्ही दिसतं. तुमचा आकडा आणि तो आकडा यांत तासाहून जास्त फरक असेल तर वळसा कुठे आहे ते शोधा.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ वाटेत कायम हाताशी हवा. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढली. ए३५०ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. दक्षिण गोलार्धातल्या मोकळ्या समुद्रांवर याने फरक पडतो, बाकी ठिकाणी प्रवाशाला जाणवत नाही.

घड्याळ

आता ज्या चुकीमुळे मी हे सगळं लिहायला बसले ती.

मार्च २०११. माझे वडील बहिणीकडे न्यूयॉर्कला होते आणि तिथून भावाकडे लंडनला यायचे होते. विमान संध्याकाळी सात वाजता सुटणार, सात तासांचा प्रवास. भावाने मला विचारलं, "किती वाजता उतरतील?" मी तोंडी सांगितलं : लंडन न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे, म्हणजे तिथे सात तेव्हा इथे रात्रीचे बारा, अधिक सात, सकाळी सात वाजता. भाऊ सातच्या हिशोबाने निघाला. वडील सहालाच उतरले. त्यांचा फोन तिथे चालत नव्हता, वय त्र्याहत्तर. बाहेरच्या दारापाशी बॅगेवर बसून ते भावाची वाट बघत राहिले. मला काही बोलले नाहीत. पण भावाने सांगितलेलं ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून गेलेलं नाही.

अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०११ मध्ये त्या तारखा १३ आणि २७ होत्या. मधले दोन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांऐवजी चारच तासांचा फरक असतो. ऑक्टोबरच्या शेवटीही आठवडाभर असंच होतं. कामावर मी ही चूक कधीच केली नसती, कारण तिथे सगळं यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत चालतं. घरी मी पाठ असलेल्या फरकावर विसंबले.

तेव्हापासून घरचा हिशोबही यूटीसीत. पायऱ्या तीनच : निघण्याची स्थानिक वेळ यूटीसीत न्यायची, प्रवासाचे तास मिळवायचे, आणि आलेली वेळ पोचायच्या शहराच्या घड्याळात आणायची. दोन्ही शहरांचा फरक त्या तारखेचा बघायचा, आजचा नाही. वडिलांचं उदाहरण नीट केलं असतं तर : न्यूयॉर्क तेव्हा यूटीसीच्या चार तास मागे, संध्याकाळचे सात म्हणजे २३:०० यूटीसी. अधिक सात, दुसऱ्या दिवशी ०६:०० यूटीसी. लंडन अजून हिवाळी वेळेवर, म्हणजे यूटीसीच्याच बरोबर. सकाळचे सहा.

तिकिटावरून प्रवासाचे तास काढायचे असतील तर हेच उलट करा. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी ११ ला पोचतं असं तिकिटावर दिसलं, तर दचकू नका. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणजे ०८:०० यूटीसी. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणजे १८:०० यूटीसी. दहा तास. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली एवढंच. परत येताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी ३:४५ ला पोचणारं विमान पावणेबारा तास घेतं. हा पावणेदोन तासांचा फरक पॅसिफिकवरच्या वाऱ्याचा. आणि सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात हेही लक्षात असू द्या. काठमांडू ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे, ॲडलेड हिवाळ्यात साडेनऊ तास.

मध्ये थांबा असेल तर

'डायरेक्ट' आणि 'नॉन-स्टॉप' हे शब्द एकच समजू नका. डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकतं, फक्त उड्डाणाचा क्रमांक तोच राहतो.

थांबा कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. लंडन ते सिडनी सरळ अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलात तर १०,९०० आणि ६,३०० मिळून १७,२००, म्हणजे जवळपास काहीच वळसा नाही. लॉस एंजेलिसमार्गे गेलात तर ८,८०० आणि १२,००० मिळून २०,८००, म्हणजे चारेक तासांचं जास्तीचं उडणं. दोन्ही टप्प्यांची बेरीज सरळ अंतरापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भरली तर मी दुसरा पर्याय शोधते. प्रत्येक टप्प्याला चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवरचा वेळ नव्याने धरा. जोडविमानासाठी मधल्या विमानतळाने ठरवलेला किमान वेळ असतो, तो फक्त 'शक्य आहे' एवढंच सांगतो. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर मी त्याच्या दुप्पट धरते.

वडील अजून प्रवास करतात. निघण्याआधी मी त्यांना एक चिठ्ठी देते. तिच्यावर पोचण्याची वेळ दोनदा लिहिलेली असते, एकदा पोचायच्या शहराच्या घड्याळात आणि एकदा निघालेल्या शहराच्या घड्याळात. दुसरी त्यांच्यासाठी जास्त कामाची, कारण रक्तदाबाच्या गोळीसाठी ते उतरेपर्यंत मनगटावरचं घड्याळ बदलत नाहीत. खाली भावाचा नंबर असतो, आणि भावाला मी वेळ यूटीसीसकट लिहून पाठवते.